लाइन क्लिअर

आमच्या दादाला एखादी गोष्ट अर्धी कळली की उरलेली अर्धी तो जगाला शिकवायला निघतो. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच, फक्त दादाला अर्धं हळकुंडही जास्त होतं, त्याचं नुसत्या वासावर भागतं. सातपूरच्या एका कारखान्यात तो इंजिनिअर होता. कारखान्यानं जुने कॉम्प्युटर काढून नवे घेतले तेव्हा भंगारात चाललेला एक त्यानं उचलला आणि जेल रोडवरच्या आईबाबांच्या फ्लॅटमध्ये आणून हॉलच्या कोपऱ्यात बसवला. त्या कोपऱ्यात आईचं शिलाई मशीन होतं. ते बाल्कनीत गेलं आणि पहिल्याच पावसाळ्यात गंजलं. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, कारण घरात टेक्नॉलॉजी आली होती.

हे दोन हजार सालानंतरच्या दिवसांतलं. मी लग्न होऊन पलीकडच्याच गल्लीत राहत होते, त्यामुळे शाळेत शिकवून परतताना माहेरी डोकावणं रोजचंच होतं. दादा कॉलेज रोडला राहायचा आणि रविवारी यायचा. रविवारी येऊन तो आठवड्याभराचे सल्ले देऊन जायचा. आई म्हणायची, "येतो हेच खूप." आमच्या आईच्या अपेक्षा मुलाच्या बाबतीत नेहमीच माफक होत्या. मुलीच्या बाबतीत त्या का वाढतात, हे मी तिला कधी विचारलं नाही.

कॉम्प्युटर बाबांसाठी होता. बाबा रेल्वेत होते. मनमाडला आणि त्या मार्गावरच्या लहान लहान स्टेशनांवर त्यांनी स्टेशनमास्तर म्हणून सगळी नोकरी काढली. त्या कामाची एक रीत होती आणि ती बाबांच्या हाडीमाशी भिनली होती. गाडी सोडायच्या आधी पुढच्या स्टेशनाला फोन करायचा. तिकडचा मास्तर रस्ता मोकळा असल्याचं सांगणार आणि खात्रीसाठी एक आकडा देणार. तो आकडा इकडच्यानं तसाच्या तसा उलट, म्हणजे त्यालाच परत, म्हणून दाखवायचा, मगच गाडी हलायची. रस्ता मोकळा असल्याच्या त्या परवानगीला लाइन क्लिअर म्हणतात. ऐकलेलं उलट म्हणून दाखवलं नाही तर ते ऐकलंच नाही असं रेल्वेत धरतात. आमच्या घरात ऐकलेलं न ऐकल्यासारखं करणारी माणसं बघता हा नियम सगळीकडं लागू व्हायला हवा होता.

निवृत्तीनंतरही बाबांची ती सवय सुटली नाही. आई म्हणायची, "अहो, येताना कोथिंबीर आणि अर्धा किलो गिलकी आणा." बाबा चपलेत पाय घालता घालता म्हणायचे, "कोथिंबीर. अर्धा किलो गिलकी." आणि तेच यायचं. आमच्या लहानपणी दादा त्यांची नक्कल करायचा. बाबा रागवत नसत. "माझ्या हातून एकही गाडी चुकीच्या रुळावर गेली नाही," एवढंच म्हणायचे. त्यांना दुसऱ्या कशाचा गर्व नव्हता. घर बेताचं होतं, शिक्षण मॅट्रिकपर्यंत होतं, पण आपल्याला सांगितलेलं आपण विसरत नाही, याच्यावर त्यांची मान ताठ होती.

म्हणूनच सोसायटीनं त्यांना सेक्रेटरी केलं होतं. सेक्रेटरीपद ही अशी वस्तू आहे की ती कुणालाच नको असते, आणि दुसऱ्याला मिळाली की सगळ्यांना हवी असते. टाकी कधी धुवायची, पंपवाल्याला कुणी बोलवायचं, जिन्यात सायकली लावू नयेत म्हणून सूचना कशी लिहायची, हे सगळं बाबा करत आणि वरून बोलणीही खात. सायकली लावणारे आपल्या सायकलीशेजारी उभे राहून ती सूचना वाचायचे आणि "आजकाल लोकांना शिस्तच नाही" म्हणून वर जायचे.

कॉम्प्युटर आल्यावर बाबा एका बोटानं टाइप करायला शिकले. मान खाली, डोळे बटणांवर, उजव्या हाताची तर्जनी घारीसारखी वर धरलेली. सोसायटीच्या सूचना, सभांचे वृत्तांत, पत्रं, सगळं त्यांनी हळूहळू त्यात घातलं. पासवर्ड त्यांनी स्वतःच ठरवला होता आणि तो फक्त त्यांनाच ठाऊक होता. तो टाकायची वेळ आली की ते "हं" म्हणायचे. मग खोलीतल्या प्रत्येकानं तोंड फिरवायचं. शेजारच्या काकू कागदावर सही घ्यायला आल्या असल्या तर त्याही भिंतीकडं तोंड करून उभ्या राहायच्या. आई तर स्वयंपाकघरात असली तरी पाठ करायची. कुणी पैसे मोजत असताना चांगली माणसं दुसरीकडं बघतात, तसाच हा रिवाज पडला होता. कुणाला त्यात गैर वाटत नव्हतं, मलाही नाही.

मग तो दसरा आला.

दसऱ्याला सगळे आईकडं जमायचे. दादा आदल्या दिवशी कारखान्यातल्या यंत्रांपुढं नारळ फोडून आलेला असायचा आणि तो उत्साह त्याच्या अंगात शिल्लक असायचा. त्या वर्षी त्यानं आधी खाली जाऊन गाडीला हार घातला, मग वर येऊन मिक्सर, पाट्याची जागा घेतलेला ग्राइंडर, माझ्या स्कूटरची किल्ली, सगळ्यांना हळदकुंकू लावत लावत कॉम्प्युटरपाशी आला. आईनं शिलाई मशीन गंजायच्या आधी कॉम्प्युटरला फुलाफुलांच्या कापडाचं एक कव्हर शिवलं होतं. बाबा म्हणाले, "कव्हर राहू दे रे. वरूनच कर."

"बाबा, देवाला कुणी कव्हरावरून कुंकू लावतं का?" दादा म्हणाला. "श्रद्धेनं होऊ द्या. याच्यावरच जग चाललंय आता."

कव्हर निघालं. पडद्याला हळदकुंकवाची बोटं लागली, वर झेंडूचा हार आला, माउसला आपट्याचं पान वाहिलं गेलं. शेवटी दादानं डोळे मिटून हात जोडले आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता लग्नात नवरानवरीवर टाकतात तशा मुठीनं उधळल्या. बाबा सोलापुरी चादरीची घडी घेऊन मागं उभे होते, मशीन झाकायला. त्यांना कुणी पुढं येऊ दिलं नाही. पूजा झालेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नसतं, म्हणून कॉम्प्युटर दिवसभर हार घालून बसून राहिला आणि आम्ही श्रीखंड खाल्लं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी हार उतरवला, हळद पुसली, मशीन सुरू केलं, "हं" म्हणाले आणि पासवर्ड टाकला. पासवर्ड चूक आहे असं पडद्यावर आलं. त्यांनी पुन्हा टाकला. पुन्हा तेच. मी संध्याकाळी गेले तेव्हा ते खुर्चीत बसून होते आणि आई दाराशी उभी राहून म्हणत होती, "अहो, असू दे, आठवेल." बाबा म्हणाले, "आठवायचं काय त्यात? मला माहीत आहे तो." मी तोंड फिरवून उभी राहिले, त्यांनी आणखी एकदा टाकला, आणि नाहीच उघडला.

रविवारी दादा आला. आल्या आल्या त्यानं बाह्या सरसावल्या. विहिरीत उतरायचं असावं अशा बाह्या तो दर वेळी सरसावतो. म्हणाला, "सांगा बाबा, पासवर्ड काय आहे?"

पोलिसानं खिसे उलटे करायला सांगितलेल्या माणसासारखं बाबांचं तोंड झालं. मग म्हणाले, "लाइन क्लिअर. सगळं जोडून, लहान अक्षरात."

दादा हसला. "लाइन क्लिअर? अहो, रिटायर होऊन किती वर्षं झाली बाबा!" त्यानं दहा बोटांनी खाडखाड टाइप केलं. चूक. पुन्हा खाडखाड, पुन्हा चूक. मग तो म्हणाला, "तुम्ही स्पेलिंग चुकवलं असणार तेव्हा." आणि त्यानं ते इंग्रजी शब्द वाकडेतिकडे करून बघितले. ज्या माणसानं ते दोन शब्द नोकरीभर रोज लिहिले, त्याला ते लिहिता येत नसणार, ही त्याची अटकळ. इंजिनिअर झालेल्या मुलांना बापाच्या मॅट्रिकची एवढी कीव का येते, कळत नाही. मग त्यानं आईचं नाव टाकलं, माझं टाकलं, स्वतःचं तर तीन तऱ्हांनी टाकलं. गणपती, दत्त, कुलदेवी, सगळ्यांना पाळीपाळीनं बोलावलं. बाबा मागून सांगत होते, "नाही रे. लाइन क्लिअरच. दुसरं काही नाही."

"बाबा, मशीन खोटं बोलत नाही," दादा म्हणाला. "माणूस विसरतो."

मग तो स्वयंपाकघरात गेला आणि आईच्या कानात कुजबुजला, "बाबांचं हल्ली जरा लक्षात राहत नाही का?" दादाची कुजबुज जिन्यापर्यंत ऐकू जाते. बाबांनी हॉलमध्ये वर्तमानपत्र उघडलं आणि चेहऱ्यापुढं धरलं. ते आदल्या दिवशीचं होतं.

पुढच्या आठवड्यात दादानं एक हार्डवेअरवाला पाठवला. पट्ट्याला मोबाइलचं पाकीट, खिशाला स्क्रूड्रायव्हर, आणि तोंडात गुटखा. त्यानं डबा उघडला, आत फुंकर मारली, त्याच हातानं नाक पुसलं. आतली एक बॅटरी काढली, परत लावली. बाबांनी सांगितलेला पासवर्ड एकदा बडवून बघितला आणि म्हणाला, "नाही होत, अंकल. फॉरमॅट मारावा लागेल."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळं साफ. नवीन चालू होईल, एकदम मस्त."

"आतलं?"

"आतलं गेलं."

"मग नको," बाबा म्हणाले. "सोसायटीचं सगळं त्यात आहे. आणि मी विसरलेलो नाही."

"टेन्शन नका घेऊ अंकल. होतं या वयात. माझ्या फादरचं पण असंच झालेलं आहे." आणि ज्याला एका कामापलीकडं दुसरं येत नव्हतं तो माणूस जाताना बाबांच्या खांद्यावर थोपटून गेला.

खरी वाताहत त्यानंतर सुरू झाली. आपल्याकडं एखाद्याला ताप आला तर चार दिवसांत लोक विसरतात, पण कुणी 'विसरतो' असं ठरलं की ते मात्र कुणी विसरत नाही. आई बाबांच्या मागं जाऊन गॅस बंद आहे का बघू लागली. दारातून परत येऊन कुलूप ओढू लागली. वाण्याकडं पाठवताना कागदावर लिहून देऊ लागली. बाबा तो कागद खिशात घालायचे आणि तरीही उलट म्हणून दाखवायचे, "साखर. पोहे. उदबत्ती," आणि आई ऐकत नसायची. शेजारच्या काकू त्यांच्याशी मोठ्यानं बोलू लागल्या, जणू विसरणारा माणूस बहिराही होतो. जिन्यात कुणीही भेटलं की विचारायचं, "काय साहेब, आठवला का?" आणि ब्राह्मीची बाटली सुचवायचं. सायकल जिन्यात लावणारे यात सगळ्यांत पुढं होते.

एकदा दुपारी मी गेले तर बाबा गॅलरीत एकटे उभे होते आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होते. मी जवळ गेले. "मनमाड, समिट, लासलगाव, उगाव, निफाड, कसबे सुकेणे, खेरवाडी, ओढा, नाशिकरोड." नाशिकरोडला पोचले की परत उलटे मनमाडला जायचे. मला बघून थांबले. म्हणाले, "बरोबर आहे ना गं?"

मला ती स्टेशनं त्यांच्यामुळंच पाठ होती. "बरोबर आहे बाबा," मी म्हणाले. आणि मला दादाचा असा संताप आला की तो समोर असता तर मी त्याला ब्राह्मीची बाटलीच घातली असती डोक्यात. माझ्या बापानं कधी कुणाला स्वतःबद्दल 'बरोबर आहे ना' असं विचारलेलं नव्हतं.

सोसायटीची वार्षिक सभा दर वर्षी लांबत लांबत दिवाळीच्या तोंडावर यायची. त्या वर्षीही आली. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या, वेफर्स आणि पेढा वाटला. चेअरमन निवृत्त प्राध्यापक होते, कॉमर्सचे. 'मी दोनच शब्द बोलणार' असं म्हणून सुरुवात करणारा माणूस किती बोलतो हे ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी आमच्या सोसायटीत यायला हवं होतं. त्यांनी बाबांच्या निष्ठेबद्दल बोलून घेतलं, वयाबद्दल बोलून घेतलं, आणि मग घसा खाकरून म्हणाले की सोसायटीचं दप्तर आज एका कॉम्प्युटरमध्ये अडकून पडलं आहे, त्याची किल्ली दुर्दैवानं हरवली आहे, आणि यात कुणाचा दोष नाही, दोष काळाचा आहे. लोकांनी माना डोलावल्या. पेढा तोंडात असताना मान डोलावणं सोपं जातं.

हे चेअरमन बोलले त्याचं मला काही नाही. परका माणूस परक्यासारखा बोलणारच. पण मग दादा उठला. तो त्या सोसायटीचा सभासदही नव्हता. म्हणाला, "मुलगा या नात्यानं माझीच विनंती आहे, बाबांना आता विश्रांती द्यावी." त्याचा आवाज भरून आला होता. स्वतःचा आवाज भरून आलेला ऐकून त्याला आणखी भरून आलं. बायका हळहळल्या. एक जण म्हणाला, "मुलगा असावा तर असा."

ठराव झाला. बाबांना पदावरून मुक्त करावं, कॉम्प्युटर दिवाळीनंतर नव्या सेक्रेटरीच्या ताब्यात द्यावा, त्यानं तो फॉरमॅट करून घ्यावा आणि जुनं दप्तर जमेल तसं नव्यानं लिहावं. चेअरमननी विचारलं, "मान्य ना साहेब?"

बाबा उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं. म्हणाले, "सेक्रेटरीपदावरून मुक्त. कॉम्प्युटर दिवाळीनंतर नव्या सेक्रेटरीच्या ताब्यात. फॉरमॅट करून घ्यावा. दप्तर जमेल तसं नव्यानं." आणि खाली बसले. ठराव त्यांनी रिवाजाप्रमाणं उलट म्हणून दाखवला होता, काहीही न गाळता. विसराळू ठरवलेला माणूस सगळ्या सभेसमोर ऐकलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवतो, आणि त्या पार्किंगमधल्या एकाही पदवीधराच्या डोक्यात उजेड पडत नाही. टाळ्या मात्र पडल्या.

दिवाळीची साफसफाई माझ्या वाट्याची. दादा अवजड कामं करायचा, म्हणजे पंख्याकडं मान वर करून बघायचा आणि "हा एकदा उतरवायला हवा" म्हणायचा. मी डबे घासले, जाळी काढली, आणि हॉलच्या कोपऱ्यात आले. बाबा आतल्या खोलीत आडवे होते. ते दिवसा आडवे व्हायला लागले होते. कॉम्प्युटर आता जाणारच आहे तर निदान घाण घेऊन जाऊ नये, म्हणून मी कीबोर्ड वर्तमानपत्रावर उलटा केला आणि पाठीवर दोन धपाटे घातले. खरं सांगायचं तर ते धपाटे मला दादाला घालायचे होते, म्हणून जरा जोरात बसले.

पेपरवर हळद पडली. झेंडूची वाळलेली पाकळी पडली. शेवेचे तुकडे पडले. आणि तांदळाचे दाणे पडले, गुलाबी, कुंकू लागलेले. मी कीबोर्ड सरळ करून बटणांवरून फडकं फिरवलं तर एक बटण फडक्याखाली दबेना. बाकीची खाली जात होती, ते ताठ उभं होतं. इंग्रजी सीचं बटण. मी केसातली पिन काढून कडेनं घातली, बटण टपकन निघून आलं, आणि त्याच्या खाली, अगदी मधोमध, एक टपोरी अक्षत बसलेली होती.

मला ते समजायला थोडा वेळ लागला. मी मनात लाइन क्लिअरची अक्षरं इंग्रजीत म्हटली. क्लिअर सीनं सुरू होतो. बाबा टाइप करताना बटणांकडं बघायचे. आम्ही सगळे सभ्यपणानं भिंतीकडं बघायचो. दादा स्वतःच्या वेगाकडं बघायचा. आणि पडद्यावर दर वेळी एक ठिपका कमी पडत होता, तो कुणीच बघत नव्हतं.

मी बटण बसवलं आणि बाबांना हाक मारली. ते आले. मी नुसतं म्हणाले, "टाका बाबा."

"कशाला आता?"

"टाका तर."

ते बसले. "हं" म्हणाले. मी तोंड फिरवलं नाही. त्यांनी तर्जनी वर धरली आणि एकेक अक्षर दाबलं. पडद्यावर ठिपके पडत गेले, एकही न गाळता. आणि ते मशीन त्याचा तो बावळट वाजंत्रीचा सूर काढून उघडलं.

बाबा पडद्याकडं बघत राहिले. मी अक्षत तळहातावर घेऊन त्यांना दाखवली. त्यांनी ती चिमटीत धरली, उजेडात बघितली, परत माझ्या हातावर ठेवली. "मी सांगत होतो," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. मग त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, सुरू केला, पासवर्ड टाकला, उघडला. पुन्हा बंद केला. पुन्हा टाकला. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि बघत उभी राहिली. संपूर्ण दुपार ते तेच करत होते. दर वेळी तो सूर वाजला की आईकडं बघायचे. आई रडत होती. तिला रडू येतं ते नेहमी सगळं होऊन गेल्यावर.

मी ती अक्षत वाटीत घातली आणि सोसायटीत दारोदार फिरले. काकू म्हणाल्या, "बाई बाई!" सायकलवाले म्हणाले, "आम्हाला वाटलंच होतं काहीतरी मशीनमध्येच असेल." चेअरमननी चष्मा लावून अक्षत तपासली, जणू ती बासमती आहे की आंबेमोहोर हे ठरवायचं आहे, आणि म्हणाले, "आनंद आहे. मात्र ठराव झालाय. ठराव कसा फिरवणार?" बाबा म्हणाले, "जाऊ दे." ठरावाप्रमाणं त्यांनी दप्तरासकट कॉम्प्युटर नव्या सेक्रेटरीला दिला, आणि सायकली जिन्यात होत्या तशाच राहिल्या.

आणि दादा? दादाला मी फोनवर सांगितलं तेव्हा तो खो खो हसला. "म्हणजे पूजा पावली म्हणायची! अक्षतेनं कुलूप लावलं!" बाबांची माफी त्यानं मागितली नाही, पण गोष्ट मात्र त्यानं घेतली. लग्नात, मुंजीत, कारखान्याच्या पार्टीत, तो ती रंगवून सांगायचा आणि तिच्यात दर वेळी त्यालाच पहिल्यांदा संशय आलेला असायचा. घरात ती म्हण होऊन बसली. कुणाला काही आठवलं नाही की म्हणायचं, 'तांदूळ अडकला.' पुढं त्यानं बाबांना नवा कॉम्प्युटर आणून दिला आणि त्यालाही तोच पासवर्ड ठेवला. दर दसऱ्याला पाहुणे जमले की, "बाबा, करा तुमची लाइन क्लिअर!" असं म्हणून त्यांना खुर्चीवर बसवायचा. पाहुणे हसत हसत तोंडं फिरवायचे. बाबा टाइप करायचे, मशीन उघडायचं, टाळ्या व्हायच्या. त्याला वाटायचं तो बाबांचा मान राखतो आहे.

अशी काही वर्षं गेली. मग एकदा आई म्हणाली, "अहो, येताना गिलकी आणा," आणि बाबा पिशवी घेऊन निघून गेले. उलट म्हणून न दाखवता. आई मला कौतुकानं म्हणाली, "सुटली बाई एकदाची सवय." बाबा आले ते कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेऊन. दुसऱ्या आठवड्यात ते पलीकडच्या इमारतीच्या जिन्यात आमचं दार शोधत होते.

मी दादाला म्हणाले, डॉक्टरांना दाखवूया. तो वैतागला. "पुन्हा तेच? मागच्या वेळी काय शोभा झाली आठवतं ना? वाटी घेऊन तूच फिरत होतीस. थकलेत ते, बाकी काही नाही. तांदूळ अडकला असेल!" आईही म्हणाली, "नको गं, एकदा त्यांना किती लागलं होतं मनाला." काकू म्हणाल्या, ठणठणीत आहेत. चेअरमन म्हणाले, ठणठणीत आहेत. बाबा विसरत नव्हते तेव्हा सगळ्यांनी त्यांना विसराळू ठरवलं, आणि ते विसरायला लागले तेव्हा सगळ्यांना सभ्यपणा सुचला. दादानं आयुष्यात जवळजवळ कबूल केलेली चूक एकच, आणि तिचा उपयोग त्यानं दुसरी करण्यासाठी केला. असल्या माणसांशी वाद घालण्यात माझे कितीतरी महिने गेले. ते महिने बाबांचे होते.

त्या वर्षीचा दसरा. नवा कॉम्प्युटर, सपाट पडदा, आणि शहाणपण आल्यामुळं कव्हरावरूनच हळदकुंकू. दादाच्या साहेबांचं कुटुंब जेवायला आलं होतं. दादानं गोष्ट सांगितली, रंगवली, आणि बाबांना खुर्चीवर बसवलं. "करा बाबा, लाइन क्लिअर!" सगळ्यांनी हसत हसत भिंतीकडं तोंडं केली.

मी नाही केलं. बाबांनी तर्जनी वर धरली. ती तशीच वर राहिली. बटणांवरून ती इकडून तिकडं गेली, परत आली, आणि कुठंच टेकली नाही. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "उलटं करून आपट गं जरा."

मी कीबोर्ड उचलायला हात पुढं केला. त्यांनी माझा हात बाजूला सारला. "हे नाही," म्हणाले, आणि त्यांनी आपलं डोकं माझ्यापुढं खाली केलं.

दादानं वळून बघितलं आणि तो पोट धरून हसला. "बघा, विनोदबुद्धी कशी शाबूत आहे!" पाहुणे हसले, आई हसली, साहेबांनी टाळी दिली. ते सगळे हसून वाट्यांकडं, श्रीखंडाकडं वळले तरी बाबांनी मान वर केली नव्हती. ते माझ्या हाताची वाट बघत होते.